गिटहब पेजेसवरून साइट उतरवणं : आठ महिन्यांच्या वापरानंतर

गिटहब पेजेस म्हणजे गिटहबवर ठेवलेल्या फाइलींतून साइट चालवायची सोय. तिच्यावर साइट चढवायचे धडे ढिगाने सापडतात, उतरवण्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. संमेलन, शिबिर, मंडळाचा उत्सव अशा चार दिवसांच्या साइटसाठी आठ महिने वापरल्यावरचं मत: सोय फुकट आहे, चांगली आहे, पण ‘अनपब्लिश’ (साइट उतरवा) या एका शब्दावर विसंबू नका.

बटण सापडायला सोपं. रेपोच्या (साइटच्या फाइली ठेवलेल्या गिटहबवरच्या जागेच्या) सेटिंग्जमध्ये ‘पेजेस’ उघडा. साइट लाइव्ह असल्याची ओळ दिसते, तिच्या बाजूच्या तीन ठिपक्यांत ‘अनपब्लिश साइट’ असतं. ते दाबलं की फक्त सध्याचं डिप्लॉयमेंट (चढवलेली प्रत) जातं. फाइली, सेटिंग्ज, वर्कफ्लो (साइट आपोआप चढवणारी कामांची यादी) सगळं जागच्या जागी. दार लोटलं, कडी घातलीच नाही! वर्कफ्लो मेन ब्रँचवरच्या (फाइलींच्या मुख्य शाखेवरच्या) प्रत्येक पुशला (बदल चढवण्याला) चालत असेल, तर रीडमी या माहितीच्या फाइलीतली एक वेलांटी सुधारली तरी साइट पुन्हा हजर. क्रॉन (ठरल्या वेळी आपोआप चालवणारं वेळापत्रक) लावलेला असेल तर तेवढंही करावं लागत नाही.

म्हणून आधी अ‍ॅक्शन्स टॅबमध्ये तो वर्कफ्लो ‘डिसेबल’ करा, चालू रन असेल तर रद्द करा, मगच अनपब्लिश. साइट थेट ब्रँचवरून निघत असेल तर ब्रँचच्या जागी ‘नन’ निवडून सेव्ह करा. यानंतरही पान दिसलं तर दहा मिनिटं थांबा. पानं ६०० सेकंदांच्या कॅशेसह येतात, म्हणजे तेवढा वेळ जपलेली जुनी प्रत दिसू शकते. मग खाजगी विंडोत ४०४ (‘पान सापडलं नाही’) आला पाहिजे. त्याच खात्याची मुख्य (खात्याच्याच नावाची) साइट असेल तर तिचं स्वतःचं ४०४ पान दिसतं. काहीतरी शिल्लक राहिलंय असं वाटून लोक इथे उगाच गोंधळतात.

रेपो प्रायव्हेट केला की साइट जाते, हे फक्त फुकट खात्यापुरतं खरं. वैयक्तिक पेड खात्यावर रेपो लपतो, साइट मात्र जगाला दिसत राहते. अर्काइव्हने (रेपो फक्त वाचण्यापुरता ठेवण्याने) तर काहीच उतरत नाही, उलट रेपोची सेटिंग्ज कुलूपबंद होतात.

खरी मेख स्वतःच्या डोमेनची (आपण घेतलेल्या वेबपत्त्याची). साइट गेली आणि डीएनएसमधले (डोमेन कुठे जातं ते सांगणाऱ्या नोंदवहीतले) १८५.१९९ ने सुरू होणारे चार ए-रेकॉर्ड (सर्व्हरच्या पत्त्याच्या नोंदी) किंवा सबडोमेनचा सीनेम (दुसऱ्या नावाकडे बोट दाखवणारी नोंद) तसाच राहिला, तर गाळा रिकामा आणि पाटी आपली. दुसरा कुणीही तेच डोमेन आपल्या रेपोत लिहून त्या पाटीखाली दुकान थाटू शकतो. त्यामुळे आधी डीएनएस रेकॉर्ड काढा, टीटीएल (जुनी नोंद जपली जाण्याची मुदत, सेकंदांत) संपू द्या (३६०० असेल तर तासभर), मग सेटिंग्जमधलं कस्टम डोमेन पुसा आणि शेवटी अनपब्लिश. खात्याच्या सेटिंग्जमध्ये टीएक्सटी रेकॉर्डने (डीएनएसमधल्या मजकुराच्या नोंदीने) डोमेन ‘व्हेरिफाय’ केलेलं असेल तर हा धोका बराच कमी होतो. तारांकित रेकॉर्ड (सगळ्या सबडोमेनना लागू होणारी ‘*’ नोंद) मात्र ठेवूच नये. आणखी एक: खात्याच्या मुख्य साइटचं डोमेन पुसलं, तर त्या डोमेनवरून दिसणाऱ्या बाकी प्रोजेक्ट साइटचे पत्तेही बदलतात.

साइटला सर्व्हिस वर्कर (ब्राउझरमध्ये राहून पानं जपणारी स्क्रिप्ट) असेल तर नेहमीच्या वाचकाला ती ४०४ नंतरही ब्राउझरच्या कॅशेतून दिसत राहते, कारण वर्करची फाइल सापडली नाही म्हणून जुना वर्कर निघून जात नाही. उतरवण्याच्या दोन-तीन आठवडे आधी त्याच नावाने नवी फाइल चढवावी: इन्स्टॉलला (बसताना) लगेच ताबा घेणारं स्किप-वेटिंग, अ‍ॅक्टिव्हेटला (चालू होताना) आपला कॅशे पुसून अनरजिस्टर, म्हणजे स्वतःची नोंद काढणं. ‘आपला’ यावर जोर आहे. गिटहबच्या पत्त्यावर एका खात्याचे सगळे प्रोजेक्ट एकाच ओरिजिनखाली (ब्राउझरच्या लेखी एकाच साइटखाली) येतात. सरसकट सगळे कॅशे पुसणारा कोड शेजारच्या साइटचेही पुसतो.

साइटमध्ये चुकून एपीआय की (एखादी सेवा वापरायची गुप्त किल्ली) गेली असेल तर उतरवून उपयोग नाही. ती गिटच्या इतिहासात (बदलांच्या जपलेल्या नोंदीत) आहे, फोर्कमध्येही (इतरांनी घेतलेल्या प्रतींतही) असेल. की रद्द करून नवी घ्या, इतिहास साफ करणं नंतरचं काम.

गूगलच्या निकालांतून पानं सावकाश गळतात. घाई असेल तर सर्च कन्सोल या साइटमालकांसाठीच्या गूगलच्या साधनातल्या ‘रिमूव्हल्स’मधून सुमारे सहा महिने लपवता येतात. गिटहबच्या पत्त्यावरच्या साइटची मालकी तिथे फाइल किंवा मेटा टॅग (पानाच्या कोडमधली एक ओळ) टाकून सिद्ध करावी लागते, त्यासाठी साइट चालू हवी. तेव्हा हे काम अनपब्लिशच्या आधी उरका.