सर्व्हरचं लॉगिन अडलं तर विश्रामबागच्या या दादांकडे जा – माझा अनुभव

ज्यांचा धंदा सर्व्हरवर चालतो त्यांच्यासाठी लिहितोय, जरा लांबेल पण पूर्ण वाचा. आमचं सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचं अडत दुकान आहे, हिशोब आणि कॉम्प्युटरचं मी बघतो. २०१९ च्या ऑगस्टमधल्या पुरात वखारभागातल्या जुन्या ऑफिसात पाणी शिरलं आणि खालच्या मजल्यावरचा सर्व्हर गेला, तेव्हापासून शेठनी मशीन जवळ ठेवायचंच नाही असं ठरवलं आणि भाड्याचा क्लाउड सर्व्हर घेतला. त्यावर उबंटू ही ऑपरेटिंग सिस्टिम आहे आणि पट्टीचा (शेतकऱ्याला द्यायच्या विक्रीच्या हिशोबाचा) प्रोग्राम आम्ही पीसीवरच्या पुटी नावाच्या सॉफ्टवेअरमधून एसएसएचनं, म्हणजे लांबच्या सर्व्हरमध्ये सुरक्षित शिरायच्या वाटेनं, उघडतो. पासवर्डनं एसएसएच बंद, फक्त कीवर, म्हणजे पीसीत ठेवलेल्या किल्लीच्या फाइलवर लॉगिन. म्हणजे ते एक दार बंद झालं की आम्ही सगळे बाहेर.

मार्च महिना, सौदे जोरात. रविवारी आमच्या सॉफ्टवेअरच्या सपोर्टवाल्यांनी उबंटूची जुनी २०.०४ आवृत्ती काढून नवीन २२.०४ केली आणि सोमवारी सकाळी एकालाही लॉगिन होईना. स्क्रीनवर नुसतं ‘परमिशन डिनाइड, पब्लिक की’. थोड्या वेळानं तर तेही नाही, ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ यायला लागलं. शेतकरी पट्टीसाठी बाकावर बसलेले, आम्ही हातानं पट्ट्या लिहायला घेतल्या. सपोर्टला फोन लावला तर म्हणे सर्व्हर क्रॅश झालाय, नवीन चढवून बॅकअप टाकावा लागेल, दोन दिवस धरा. ऐन सीझनला दोन दिवस म्हणजे काय हे यार्डातल्या माणसाला सांगायला नको.

शेजारच्या गाळ्यातल्या बेदाण्याच्या व्यापाऱ्यांनी या दादांचा नंबर दिला. विश्रामबागला दुसऱ्या मजल्यावर छोटं ऑफिस आहे, पण ते स्वतःच गाडीवरून अर्ध्या तासात आले. आल्या आल्या कशालाच हात लावला नाही, मला विचारलं, “मामा, आधी सांगा, सगळ्यांचं एकदम बंद झालं का एकेकाचं? आणि काल कोणी काय काय बदललं?” मग क्लाउड कंपनीच्या वेबसाइटवरचा कन्सोल, म्हणजे सर्व्हरचा थेट स्क्रीन, उघडला. मला माहीतच नव्हतं की एसएसएच बंद असलं तरी तिथून आत जाता येतं. वहीत लिहिलेला पासवर्ड टाकला आणि सर्व्हर उघडला! म्हणाले, बघा, सर्व्हर चालू आहे, खातं चालू आहे, पासवर्ड बरोबर आहे, म्हणजे भानगड एसएसएचच्या दारातच आहे.

आधी ते ‘रिफ्यूज्ड’चं. आमच्या एका पोरानं घाबरून रूट, ॲडमिन, स्वतःचं नाव, सुचेल ते युजरनेम टाकून बघितलं होतं, आणि सर्व्हरवर फेलटूबॅन नावाचा राखणदार प्रोग्राम आहे, तो पाच चुकीचे प्रयत्न झाले की दहा मिनिटं त्या आयपीलाच (इंटरनेटवरच्या पत्त्यालाच) बंद करतो. आख्ख्या ऑफिसचा आयपी एकच, त्यामुळे सगळेच अडकले. दादांनी यादी काढून आमचा आयपी मोकळा केला. मला एक गोष्ट पक्की समजावली की ‘रिफ्यूज्ड’ आलं तर तुम्ही दारापर्यंत पोचलाच नाही, आणि ‘डिनाइड’ आलं तर दार सापडलंय पण आत घेत नाहीत, ही दोन दुखणी वेगळी, औषधही वेगळं.

मग खरं काम. ऑथ डॉट लॉग ही लॉगिनच्या नोंदींची फाइल एका खिडकीत चालू ठेवली आणि मला म्हणाले, आता तुमच्या पीसीवरून लॉगिन मारा. मी एंटर दाबलं आणि त्याच क्षणी तिकडं ओळ आली, ‘ऑथेंटिकेशन रिफ्यूज्ड, बॅड ओनरशिप ऑर मोड्स’, म्हणजे मालकी किंवा परवानग्या चुकीच्या, आणि पुढं आमच्या होम फोल्डरचं, म्हणजे सर्व्हरवरच्या आमच्या खात्याच्या घराचं, नाव. त्यांनी त्या फोल्डरच्या परमिशन काढून स्क्रीनवर बोट ठेवलं. आरडब्ल्यूएक्स, आरडब्ल्यूएक्स, आरडब्ल्यूएक्स, तिन्ही सारखे. म्हणजे ७७७, कोणीही वाचा, लिहा, चालवा. रविवारी कुठली तरी फाइल एक्सपोर्ट होत नव्हती म्हणून सपोर्टवाल्यांनी आख्ख्या फोल्डरला ७७७ मारून ठेवलं होतं! घरात कोणीही येऊन काहीही लिहू शकत असेल तर तिथं ठेवलेल्या कीच्या यादीवर एसएसएच विश्वासच ठेवत नाही, तो त्याचा नियमच आहे, आणि बाहेरच्याला तो कारणही सांगत नाही, कारण बाहेर चोर पण असू शकतो. कारण फक्त आत लॉगमध्ये लिहितो. मग मालकाशिवाय कोणाला लिहिता येणार नाही अशा परमिशन लावल्या: होम ७५०, डॉट एसएसएच फोल्डर ७००, ऑथराइज्ड कीजची (त्या कीच्या यादीची) फाइल ६००, मालक कोण तेही तपासलं. माझा पीसी लगेच आत गेला. दोन दिवसाचं काम म्हणून सांगितलेलं ते हे.

पण आमच्या दिवाणजींच्या जुन्या पीसीवरून अजूनही डिनाइडच. इथं दुसरा कोणी असता तर की खराब झाली म्हणून नवीन बनवत बसला असता. यांनी परत लॉगच बघितला. त्यात होतं की एसएसएच-आरएसए हा कीच्या सहीचा प्रकार आता स्वीकारत नाही. भानगड अशी की ओपनएसएसएच (सर्व्हरवर एसएसएच चालवणारं सॉफ्टवेअर) ८.८ पासून, म्हणजे २०२१ पासून, शा-वन या आता कमजोर ठरलेल्या पद्धतीची जुनी सही (की आपलीच आहे हे पटवायची) बाय डिफॉल्ट बंद केली आहे, आणि उबंटू २२.०४ मध्ये ८.९ आहे. दिवाणजींच्या पीसीवर पुटी ०.७० होतं, २०१७ चं, त्याला नवीन सही करताच येत नाही. की तीच, नुसतं पुटी नवीन टाकलं आणि चाललं.

मी त्यांना म्हटलं होतं की सर्व्हरवरच जुनं परत चालू करा की, एका ओळीचं काम आहे म्हणे. त्यांनी साफ नाही म्हणून सांगितलं. “एका पीसीसाठी सगळ्या सर्व्हरची कडी ढिली करायची नाही मामा, पाच मिनिटं थांबा, पुटी उतरवतो.” मला हे फार पटलं. त्याच लॉगमध्ये त्यांनी मला दाखवलं की बाहेरच्या देशातल्या आयपीवरून रूट नावानं दिवसभर कोणी ना कोणी दार वाजवतंय, मी तर बघतच राहिलो, आमच्या शेतकऱ्यांचे बँक खाते नंबर आहेत हो त्या सर्व्हरवर.

जाताना दोन सवयी लावून गेले. एसएसएचची सेटिंग बदलताना एक चालू लॉगिन उघडंच ठेवायचं, आणि रीस्टार्ट करायच्या आधी एसएसएचडी डॅश टी ही कमांड मारून फाइलमध्ये चूक नाही ना ते बघायचं. नवीन लॉगिन दुसऱ्या खिडकीत झालं की मगच जुनं बंद. माझ्याच वहीत माझ्याच हातानं लिहायला लावलं.

आता तक्रारी पण लिहितो. फोन पहिल्या वेळी उचलत नाहीत, दोन-तीनदा लावायला लागतो. जीएसटी बिल मागून चौथ्या दिवशी व्हॉट्सॲपवर आलं, आमच्यासारख्या हिशोबवाल्याला हे चालत नाही. आणि कामात असले की फार भरभर बोलतात, “परत सांगा” म्हणायला लाजू नका, परत सांगतात, चिडत नाहीत.

पैसे व्हिजिटसकट पंधराशे घेतले. सकाळी साडेअकराला आले, एक वाजायच्या आत प्रिंटरवर पट्टी निघाली, आणि पहिली पट्टी ज्यांची होती ते तासगावकडचे आजोबा सकाळी आठपासून बसले होते, त्यांची एसटी पण मिळाली. पाचपैकी साडेचार स्टार, अर्धा त्या बिलासाठी कापला. जाणार असाल तर सर्व्हरचा कन्सोल पासवर्ड आणि आदल्या दिवशी काय बदललं ते लिहून सोबत न्या, पहिला प्रश्न तोच विचारतात.