पीआयपी की पीईसीआय? थॅलेसेमियाग्रस्त मुलांच्या पालकांसाठी प्रश्नावली निवडताना

मुलाच्या दीर्घ आजाराने आईवडिलांच्या मनाचे काय होते, हे आकड्यांत मांडू पाहणाऱ्याची निवड पुष्कळदा या दोन प्रश्नावल्यांपाशी येऊन थांबते. २००१ मधील पीआयपी (पीडियाट्रिक इन्व्हेंटरी फॉर पेरेंट्स) कर्करोगग्रस्त मुलांच्या पालकांवर तपासलेली, तर २००६ मधील पीईसीआय (पेरेंट एक्सपिरियन्स ऑफ चाइल्ड इलनेस) मेंदूत गाठ असलेल्या मुलांच्या पालकांवर. त्यामुळे थॅलेसेमिया या आनुवंशिक रक्तविकाराच्या कामाला दोन्ही सारख्याच परक्या आहेत. मी दोन्ही मराठीत करून वापरल्या आहेत.

पीआयपीचा आवाका मोठा आहे. डॉक्टरांशी संवाद, औषधपाणी, भावनिक ताण आणि घरातील भूमिका अशा चार अंगांनी ती ४२ प्रसंग मांडते, आणि प्रत्येक प्रसंग किती वेळा आला व किती कठीण गेला, हे वेगवेगळे विचारते. कल्पना उत्तम आहे. माझे गाडे मात्र नेमके तिथेच अडले. ८४ उत्तरांचा कंटाळा मी समजू शकतो, पण जो प्रसंग ‘कधीच आला नाही’ त्याची कठीणता पालकांनी कशी सांगावी? कोणी ती जागा कोरी सोडत, कोणी अंदाजाने खूण करत. त्याहून अवघड उत्तर एका आईने दिले: “करावंच लागतं, त्यात कठीण काय आणि सोपं काय?” असे म्हणून तिने ओळीने सगळीकडे १ वर, म्हणजे ‘अजिबात कठीण नाही’ वर, खूण केली. कागदावर ती निर्धास्त ठरली. तिच्या मुलाला दर तीन आठवड्यांनी रक्त चढवावे लागत होते.

पीईसीआयमध्ये २५ विधाने आहेत आणि प्रत्येकाला एकच उत्तर द्यायचे असते. अपराधीपणा व काळजी, न शमलेले दुःख व राग, पुढची अनिश्चितता आणि मनाचे बळ असे तिचे चार भाग आहेत. आईवडील दोघेही वाहक (स्वतः आजारी नसले तरी सदोष जनुक बाळगणारे) असतील तर प्रत्येक गरोदरपणात थॅलेसेमिया मेजरची, म्हणजे या आजाराच्या तीव्र रूपाची, शक्यता २५ टक्के असते, म्हणून ‘आमच्यामुळेच झाले’ ही बोच या आजारात विशेष खोल असते. पीआयपीत भावनिक ताणाचा भाग असला तरी या बोचेला स्वतंत्र आकडा मिळत नाही, इथे मिळतो. मनाचे बळ उलट दिशेने मोजले जात असल्याने चारही भागांची सरसकट बेरीज करता येत नाही, पण मला ती गैरसोय वाटली नाही.

ज्यांना रोजच्या शुश्रूषेचा भार किंवा रुग्णालयाशी होणारी ओढाताण तपासायची आहे, त्यांच्यासाठी पीआयपीच अधिक योग्य ठरावी, कारण पीईसीआय त्या कष्टांकडे फारसे पाहत नाही. माझ्या कामात मात्र रक्ताची पिशवी संपायच्या आत पीईसीआयचा कागद सहसा भरून होतो. तो आई आणि वडील दोघांना वेगवेगळा द्यावा, आणि आई भरत असताना शक्यतो सासूबाई शेजारी नसाव्यात.