गावातलं पापनिवेदन: सेवा चांगली, बसायची जागा चुकीची

परतवाड्याकडच्या खेड्यांत कॅथलिक देऊळ म्हणजे बहुतेक टिनाची एक खोली. ईस्टरच्या आधी फादर येतात, मिस्सेपूर्वी (मुख्य उपासनेपूर्वी) पापनिवेदन ऐकतात, म्हणजे एकेक जण त्यांना आपली पापं सांगतो आणि देवाची क्षमा मागतो. पैसे लागत नाहीत.

पद्धत सोपी आहे. क्रूसाची खूण करायची, मागचं पापनिवेदन कधी झालं ते सांगायचं, मग पापं. गंभीर पाप असेल तर कोणतं आणि साधारण किती वेळा, एवढं हवंच. पुष्कळांचं इथेच बिघडतं: जाऊ कशी वागली, भावानं धुरा (शेताचा बांध) कसा कोरला, हेच सांगत बसतात. ती त्यांची पापं झाली. धुरा आपणच कोरला असेल तर मात्र फादरांनी सांगितलेली प्रार्थना म्हणून भागत नाही. क्षमा झाली तरी शेजाऱ्याची जमीन परत द्यावीच लागते, आणि चांगले फादर हे स्पष्ट बजावतात. या सेवेची खरी किंमत मला इथेच दिसते.

प्रोटेस्टंट मंडळीत रविवारी सगळे मिळून पापांची कबुली देतात आणि पाळक बायबलच्या वचनातून क्षमेची खात्री देतात. पाप देवच क्षमा करतो, हे दोघांनाही मान्य. भांडण बायबलमधल्या योहान २०:२३ वर आहे: ज्यांच्या पापांची तुम्ही क्षमा कराल त्यांना क्षमा झाली, असं येशू तिथे शिष्यांना म्हणतो. कॅथलिक म्हणतात, येशूनं तो अधिकार प्रेषितांना आणि त्यांच्यामागून येणाऱ्यांना दिला. कॅथलिकांच्या ट्रेंटच्या परिषदेनं १५५१ मध्ये पापमोचनाला (फादरांनी क्षमा देण्याला) निवाड्यासारखी कृती म्हटलं, नुसती घोषणा नव्हे. बहुतेक प्रोटेस्टंट म्हणतात, मंडळीला मिळाला तो क्षमेची सुवार्ता सांगायचा अधिकार. मध्यस्थ एकच, ख्रिस्त. पण 'प्रोटेस्टंटांत खासगी कबुली नाहीच' हे गावात सर्रास ऐकू येणारं वाक्य चूक आहे. लुथरपंथीय हेही प्रोटेस्टंटच, आणि त्यांच्या १५३० च्या ऑग्सबर्ग कबुलीजबाबात (त्यांच्या श्रद्धेच्या निवेदनात) ती ठेवली आहे, फक्त प्रत्येक पाप मोजून सांगायची सक्ती काढली. सामुदायिक कबुलीत संकोच नाही, हा मोठा गुण. पण धुऱ्याचं नाव निघत नाही, ही उणीवही तितकीच मोठी.

आता तक्रार. फादरांची खुर्ची वेदीजवळ आणि रांग चार हातांवर. टिनाखाली कुजबुजही घुमते. आपलं बोलणं मागच्याला ऐकू जाईल या धास्तीनं माणूस मुख्य गोष्ट गिळतो आणि किरकोळ सांगून उठतो. गुपित पाळायचं बंधन फादरांवर तर आहेच. चुकून ऐकणाऱ्यावरही आहे आणि दुभाष्यावरही (मेळघाटात कोरकू बोलणाऱ्यांना दुभाषा घेता येतो). तरी नियमावर विसंबून रांग आत ठेवू नये. ती बाहेर निंबाखाली लावावी, खुर्ची दूरच्या कोपऱ्यात, मध्ये पडदा. एवढ्याला एक जुनी चादर आणि दोन खिळे पुरतात.

झावळ्यांच्या रविवारी (ईस्टरच्या आदल्या रविवारी) गर्दीत जाऊ नका. ज्याला निवांत बोलायचं आहे त्यानं दोन आठवडे आधीच फादरांना वेळ मागावी.