२८ लाखांची बॉक्स्टर आणि सीटबेल्टमधला गाळ

सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढा, अगदी शेवटचा वेढा सुटेपर्यंत. रोजच्या वापरात बेल्टचा जो भाग कधीच बाहेर येत नाही तिथं तपकिरी रेघ दिसली आणि बोटाला मऊ माती लागली, तर पुढचं काही बघत बसू नका. गाडी पाण्यात उभी राहिलेली आहे.

कोल्हापुरातल्या शिवाजी उद्यमनगरात खोललेल्या एका पोर्शे बॉक्स्टरमध्ये, म्हणजे कापडी छपराच्या स्पोर्ट्स कारमध्ये, ही रेघ सापडली, पण व्यवहार होऊन पाच आठवडे झाल्यावर. गाडी २०१० ची, २.९ लिटर इंजिन, पीडीके (पोर्शेचा ऑटोमॅटिक) गिअरबॉक्स, कर्नाटक पासिंग. मागितले होते २८ लाख, ठरले साडेसव्वीस. मीटरवर ३१,४०० किलोमीटर. घेणाऱ्याचं म्हणणं एवढंच होतं, "भावा, मुंबईच्या भावापेक्षा चार लाखांनी खाली घावली."

माणूस बेसावध नव्हता. २०१९ आणि २०२१ च्या महापुरानंतर कोल्हापुरात जुनी गाडी घेताना पहिला प्रश्न "पुरातली नाही ना?" हाच असतो, आणि त्याच धास्तीनं त्यानं इथल्या दोन गाड्या नाकारल्या होत्या. पण ही भीती आपण एमएच ०९ नंबरपुरती ठेवतो. सप्टेंबर २०२२ मध्ये पूर्व बेंगळुरूत पाणी भरलं तेव्हा महागड्या गाड्या बुडाल्या. त्या काही हवेत विरल्या नाहीत. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या, म्हणजे विम्यात धरलेल्या गाडीच्या किमतीच्या, ७५ टक्क्यांवर गेला की विमा कंपनी टोटल लॉस (गाडी पूर्ण गेली असं) धरते, मालकाला पैसे देते आणि सांगाडा लिलावात जातो. गाडी कायमची निकामी झाली तर मालकानं १४ दिवसांत आरटीओला कळवावं, असं मोटार वाहन कायद्याचं कलम ५५ सांगतं. लिलावातून उचललेली गाडी पुन्हा चालू करून विकायची असते, त्यामुळे कुणी कळवत नाही. सरकारच्या 'वाहन' पोर्टलवर आरसी 'ॲक्टिव्ह' दिसत राहते. या सौद्यातही तोच स्क्रीनशॉट पाठवला गेला.

त्याच गाडीच्या कागदांत विम्याला नऊ महिन्यांचा खंड होता आणि पीयूसीलाही तेवढाच. उत्तर तयार होतं: मालक परदेशात होता. असेलही. पण अशा वेळी मागायची ती खंडाच्या आधीची पॉलिसी. तिचा नंबर घेऊन विमा कंपनीकडे क्लेमची चौकशी होते. चालू पॉलिसीवरचा एनसीबीही, म्हणजे क्लेम न घेतल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, बघावा. वर्षानुवर्षं क्लेम न घेतलेल्या मालकाचा एनसीबी ५० टक्क्यांपर्यंत चढलेला असतो. शून्य असेल तर क्लेम झालाय, विमा फार काळ तुटला होता किंवा मालक बदललाय, कारण एनसीबी माणसाबरोबर जातो, गाडीबरोबर नाही.

आता गाडीकडे. धुऊन, नवं कार्पेट टाकून, अत्तराची डबी लटकवून आणलेल्या गाडीत काय बघायचं? जिथं धुणाऱ्याचा हात पोचत नाही ते. सीट पुढं-मागं सरकवून रुळांचे बोल्ट बघा. डॅशबोर्डखाली डोकं घालून टॉर्चनं लोखंडी ब्रॅकेट बघा. फ्यूजबॉक्सच्या पिनांवर हिरवट-पांढरा थर आहे का बघा. ब्रेक डिस्कवरचा गंज मात्र सोडून द्या. आपल्याकडच्या पावसात एक रात्र उघड्यावर राहिली तरी तो धरतो, चार ब्रेक मारले की जातो.

बॉक्स्टरचं इंजिन सीटमागं मध्यावर असतं आणि बॉनेट उघडून ते दिसत नाही. समोर सामान ठेवायची जागा, मागे दुसरी डिकी, तिथं ऑइल आणि कूलंट भरायची तोंडं. विकणाऱ्यांच्या हे पथ्यावर पडतं. "इंजिन बघायला छप्पर सर्व्हिस पोझिशनला घ्यावं लागतं, उगाच कशाला," म्हटलं की गिऱ्हाईक गप्प. घ्यायलाच लावा. नाहीतर गाडी लिफ्टवर चढवून खालून बघा. रेडिएटर पुढच्या बंपरच्या दोन टोकांना असतात. तिथल्या हवेच्या वाटेत सुकी पानं, कचरा साठणं नेहमीचं. पण फटीत घट्ट बसलेला चिकट गाळ म्हणजे पाणी बंपरपर्यंत आलं होतं.

इथं विकणाऱ्याकडे एक खरी वाटणारी सबब असते. बॉक्स्टरच्या कापडी छपराचं पाणी वाहून नेणाऱ्या नळ्या पानांनी तुंबतात आणि पाणी आत येऊन कार्पेटखालचा जाड फोम भिजतो. हा या गाडीचा माहीत असलेला दोष आहे, त्यामुळे "नळी तुंबली होती, साफ केली" हे जाणत्यालाही पटतं. फरक असा, की नळीचं पाणी वरून येतं, खाली साचतं आणि गाळ आणत नाही. बेल्टच्या रिळात माती, दोन्ही दारांच्या आत एकाच उंचीवर रेघ, सीटच्या फोममध्ये वाळू, हे नळीमुळे होत नाही.

किलोमीटरचं तर गणितच आहे. मीटरवरचा आकडा बदलायला लॅपटॉप आणि अर्धा तास पुरतो. पण इंजिन सांभाळणारा संगणक, म्हणजे ईसीयू, पोर्शेच्या भाषेत डीएमई, इंजिन किती तास चाललं ते वेगळं लिहून ठेवतो, आणि मीटर मागे घेणारे बहुतेक वेळा तिकडे बघत नाहीत. पोर्शेचं पिविस हे तपासणीचं यंत्र किंवा तितकं खोल वाचणारं दुसरं स्कॅनर लावलं की तास दिसतात. या गाडीत डीएमई मागच्या डिकीच्या भिंतीत असल्यामुळे पाण्यातून वाचला होता. त्यात तास निघाले २,१८०. ३१,४०० भागिले २,१८० म्हणजे ताशी १४.४ किलोमीटरची सरासरी. बेंगळुरूचं ट्रॅफिक कितीही बदनाम असलं, तरी गाडीच्या सगळ्या आयुष्याची सरासरी एवढी खाली येत नाही. अगदी २५ धरली तरी ५४,५०० किलोमीटर होतात. डीएमईमधला चॅसी नंबरही आरसीशी जुळवून घ्या. जुळला नाही तर ईसीयू दुसऱ्या गाडीचा आहे आणि तासांचाही भरवसा नाही.

इंजिन चालू स्थितीत पाण्यात गेलं असेल तर सिलिंडरमध्ये पाणी शिरून कनेक्टिंग रॉड वाकतो. वाकलेल्या रॉडवरही गाडी महिनोन्‌महिने चालते, म्हणून टेस्ट ड्राइव्हवर विसंबू नका. सहाही सिलिंडरचं कॉम्प्रेशन, म्हणजे आत तयार होणारा दाब, मोजून घ्या. एकमेकांतला फरक १०-१५ टक्क्यांपुढे गेला की थांबा. पीडीकेचं ऑइल दुधाळ दिसलं तरीही थांबा, कारण आत काही बिघडलं की पहिला सल्ला अख्खा गिअरबॉक्स बदलण्याचा मिळतो.

रंगाचं थोडक्यात: रंगाच्या थराची जाडी मोजणाऱ्या मायक्रॉन गेजवर कंपनीचा रंग साधारण ९० ते १५० दाखवतो, ३०० म्हणजे पुन्हा रंगवलेला, ५०० च्या वर बहुधा पुट्टी.

मग किंमत. धडधाकट गाडीचा बाजारभाव धरायचा आणि त्यातून वजा करत जायचं. टायरवर DOT अक्षरांनी सुरू होणारा कोड असतो, त्याचे शेवटचे चार आकडे बघा, ते टायर कधी बनला ते सांगतात: २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. सहा वर्षांवरचे टायर, नक्षी कितीही शिल्लक असली, तरी किमतीतून वजा. पुढे-मागे मापं वेगळी, १८ इंचांत पुढे २३५/४० आणि मागे २६५/४०, त्यामुळे चार एकसारखे घालून भागत नाही. ब्रेक डिस्कची किमान जाडी डिस्कवरच कोरलेली असते, व्हर्नियर लावा. आणि सगळ्यांत मोठी वजाबाकी कराची. "लाइफ टॅक्स भरलेला आहे" हे खरंच होतं, पण तो कर्नाटकात. गाडी १२ महिन्यांपेक्षा जास्त इथं ठेवायची तर फॉर्म २८ ची एनओसी आणून महाराष्ट्राचा नंबर घ्यावा लागतो, आणि इथला कर गाडीच्या वयाप्रमाणे भरावा लागतो. आयात गाडीला तो जड जातो. कर्नाटकातला परतावा वेगळा अर्ज करून मागायचा. हा आकडा ताराबाई पार्कातल्या आरटीओत आधी काढून आणला असता, तर चार लाखांची स्वस्ताई तिथंच पातळ झाली असती.

बुडालेल्या गाडीला मात्र ही वजाबाकी लावूच नका. तिची वायरिंग आज चालते, पुढच्या पावसाळ्यात एकेक जोड हिरवा पडतो. या बॉक्स्टरमध्ये आधी सेंट्रल लॉकिंग गेलं, मग एअरबॅगचा दिवा लागला, मग छप्पर अर्ध्यावर अडकलं. तिचा भाव सुट्या भागांचा.

तक्रारीची वेळ आली तेव्हा कागदातली गोम कळली. ग्राहक कायद्याप्रमाणे ५० लाखांपर्यंतच्या व्यवहाराची तक्रार जिल्हा आयोगात, तीही घेणारा राहतो तिथंच करता येते, बेंगळुरूला जायला नको. पण ती व्यापाऱ्याविरुद्ध. ५०० च्या स्टॅम्पवर विकणारा म्हणून जुन्या मालकाचं नाव होतं, खाली "जशी आहे तशी, पाहून घेतली". सौदा केला, पैसे घेतले, गाडी पाठवली त्या डीलरचं नाव कुठंच नाही. त्याच्या खात्यावर गेलेला दोन लाखांचा इसार, जाहिरातीचा स्क्रीनशॉट आणि "३१ हजार जेन्युइन" असा व्हॉट्सॲपवरचा त्याचा मेसेज, एवढाच त्याला बांधणारा पुरावा आहे. आणि तो मेसेज डीलरनं नंतर डिलीट केला, पण घेणाऱ्याच्या भावाला आधीच फॉरवर्ड झाला होता.