माळवदाच्या सागवानाचा टीव्ही स्टँड : अकरा महिने वापरल्यानंतर

मागच्या दिवाळीला चार दिवस बाकी असताना हा स्टँड आमच्या हॉलमध्ये आला. लगेच लिहावंसं वाटत होतं, पण पॉलिशचा वासही गेला नव्हता, तेव्हा काय सांगणार? थांबलो. आता थंडी झाली, लातूरचा चाळिशीपार गेलेला उन्हाळा झाला, श्रावण-भादव्याची ओलही झाली. तिन्ही ऋतूंत लाकूड कसं वागतं आणि आतली यंत्रं कशी वागतात ते डोळ्यांनी पाहिलं. ज्यांना सुताराकडून असं काही करून घ्यायचं आहे त्यांच्यासाठी सविस्तर लिहितो. एक गोष्ट आधीच सांगून टाकतो : मी आठ दिवस कागदावर स्टँडची पुढची बाजू काढत होतो, आणि पुढं अकरा महिने जो काही त्रास झाला, जे काही सुख मिळालं, ते बहुतेक मागच्या बाजूनं.

आधीचं युनिट दुकानातून आणलेलं होतं, भुश्याच्या बोर्डाचं. पाच फूट लांब आणि मधे आधार नाही. दोन वर्षांत वरची फळी मधोमध अर्धा इंच लवली आणि खालचं दार घासायला लागलं. फळीचा हिशोब साधा आहे. टेकूंमधलं अंतर दुप्पट झालं की तेवढ्याच वजनाला फळी आठपट लवते. जाडी दुप्पट केली की तीच लवण आठपट कमी होते. म्हणून नव्या स्टँडला मधे दोन उभे पडदे घेतले. कुठलाही कप्पा २३ इंचांपेक्षा रुंद नाही. वर १६ किलोचा टीव्ही आणि सहा-सहा किलोचे दोन स्पीकर अकरा महिने बसून आहेत. परवा सुताचा दोरा ताणून पाहिला, फळीला कुठं लवण नाही.

लाकडाबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण स्टँड करायचं मूळ कारण तेच होतं. आमचं गाव औसा तालुक्यातलं. आजोबांचं घर माळवदाचं होतं : सागवानी तुळया, त्यावर कड्या, त्यावर किलच म्हणजे लाकडाच्या बारीक पट्ट्यांचा थर, आणि वर पांढऱ्या मातीचा हातभर थर. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंप झाला तेव्हा मी शाळेत होतो. आमचं घर पडलं नाही, पण भिंतींना हात जाईल एवढ्या भेगा पडल्या. किल्लारीच्या बाजूला त्याच मातीच्या आणि दगडांच्या वजनाखाली माणसं गेली होती. त्यानंतर माळवदाखाली झोपायचं धाडस कुणातच राहिलं नाही. आजोबांनी घर उतरवलं, पत्र्याचं केलं, आणि तुळया गोठ्यात रचून ठेवल्या. तीस वर्षं त्या तिथंच होत्या.

बाहेरून ते लाकूड पाहिलं तर कुणी सरपणातही घेतलं नसतं. चुलीच्या धुरानं काळंकुट्ट, वर धुळीचा आणि कोळिष्टकांचा थर. मिस्त्रींनी वाकसाचा एक घाव घालून ढलपी काढली आणि आतून मधासारखा रंग निघाला. जुन्या सागवानाचा तो चामड्यासारखा, जरासा तेलकट वास इतक्या वर्षांनीही जसाच्या तसा होता. मिस्त्री म्हणाले, "सर, आता असं लाकूड इकत घ्यायला गेलात तर घर इकावं लागंल. याला खिळा कमी मारू."

खिळ्यांवरून सांगतो. जुन्या तुळयांत तुटलेले खिळे असतात आणि वरून दिसत नाहीत. सॉ मिलवर नेण्याआधी आम्ही स्पीकरचं जुनं चुंबक दोऱ्याला बांधून प्रत्येक तुळईवरून फिरवलं. जिथं ओढ लागली तिथं खडूची खूण. अकरा खिळे उपटले. बारावा खोल होता, तो रंध्याच्या मशीनला सापडला आणि पात्याला दात पडला. पात्याचे पैसे मी दिले, ते द्यायलाच हवे होते. दुसरी गोष्ट म्हणजे तुळईच्या कडेचा पांढुरका भाग. वाळवी तोच खाते, गाभ्याकडं सहसा वळत नाही. त्या भागाचा मोह धरला नाही, सरसकट उडवला. त्यात चौथाई लाकूड गेलं. फळ्या एकमेकींना जोडताना मिस्त्रींनी प्रत्येक कड आधी थिनरच्या फडक्यानं पुसली, कारण सागवानात मुळातच तेल असतं आणि त्यावर फेव्हिकॉल नीट धरत नाही. पाच फळ्या जोडून १७ इंच रुंदीचा माथा झाला. आजपर्यंत एकही सांधा उघडलेला नाही.

आता मापं. ५५ इंची टीव्ही म्हणजे ५५ इंच रुंद नव्हे, ते कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंतचं तिरपं माप. प्रत्यक्ष रुंदी साधारण ४८ इंच, उंची २८. पडद्याचा मध्य बसलेल्या माणसाच्या डोळ्यांसमोर यावा, एवढं धरून चाललो. पण कुणाच्या डोळ्यांसमोर? मी सोफ्यावर बसतो, माझे डोळे जमिनीपासून ४१ इंचांवर. आई खाली गादीवर बसते, तिचे ३०. भिंतीला पट्टी लावून दोघांचं माप घेतलं आणि पडद्याचा मध्य साडेछत्तीसवर आणला. त्यातून टीव्हीची अर्धी उंची आणि त्याचे अडीच इंची पाय वजा केले की स्टँडची उंची २० इंच निघते. दुकानातली बरीच युनिटं याहून उंच असतात. आईची मान दुखायची थांबली, आणि माझ्या दृष्टीनं सगळ्या कामातलं हे सगळ्यात मोलाचं माप. बसायचं अंतर आमच्याकडं साडेसात फूट पडतं. ५५ इंचीला ते नेमकं बसतं.

लांबी ५ फूट ६ इंच घेतली, म्हणजे टीव्हीच्या दोन्ही अंगाला स्पीकर मावतात. खाली तीन कप्पे : डावीकडं कॅसेट डेक आणि सेट-टॉप बॉक्स, मधे ॲम्प्लिफायर, उजवीकडं खण. पाय पाच इंची, झाडू आरपार जातो. आमची फरशी शहाबादी, त्यामुळं चारातला एक पाय कायम अधांतरी राहायचा. पायांत खालून फिरवायचे बोल्ट बसवून घेतले, दोन मिनिटांत लेव्हल झाली.

खण वडिलांसाठी. त्यांच्या भजन-कीर्तनाच्या ऐंशीएक कॅसेट आहेत, काही त्यांनी स्वतः सप्ताहात बसून भरलेल्या. डबीसकट कॅसेट साधारण ११ सेंटिमीटर लांब, ७ उंच आणि १७ मिलिमीटर जाड असते. लांब कडेवर उभी केली की खणाची आतली उंची सव्वातीन इंच पुरते आणि नाव लिहिलेली कड वर येते. एका ओळीत तीस, अशा तीन ओळी. वडील आता चष्मा न शोधता, वरून बोट फिरवत हवी ती काढतात. हा खण मुद्दाम खालचा घेतला. स्पीकरच्या चुंबकाशेजारी कॅसेट ठेवली तर आवाज पुसला जायची भीती असते. त्या आवाजांची दुसरी प्रत कुठं नाही.

आता पाठीमागची बाजू. मी चित्रात ती काढलीच नव्हती, म्हणून मिस्त्रींनी सवयीनं सहा मिलिमीटरचा प्लाय पूर्ण पाठीला ठोकला आणि मधे दोन इंची भोक पाडलं. "पाठ उघडी बरी दिसत नाही, सर," असं त्यांचं म्हणणं. मला पटलं. पहिल्याच दिवशी कळलं की भोकातून टीव्हीची पिन जाते, सेट-टॉप बॉक्सचा ॲडॉप्टर जात नाही. ते भोक वाढवून घेतलं आणि विषय सोडून दिला. थंडीभर काही जाणवलं नाही.

एप्रिलमध्ये एका रात्री आयपीएलचा सामना चालू होता, शेवटची पाच षटकं, पाव्हणे बसलेले, आणि ॲम्प्लिफायर आपोआप बंद पडला. पुन्हा लावला, दहा मिनिटांत पुन्हा बंद. मला वाटलं व्होल्टेज. मागं हात घातला तर गरम हवेचा भपकारा आला. ॲम्पच्या डोक्यावर सहा इंच मोकळी जागा होती, पण गरम हवेला त्या जागेतून बाहेर जायला वाटच नव्हती. आतलं तापमान मर्यादेबाहेर गेलं की असं यंत्र स्वतःला वाचवायला बंद होतं. ते बिघडलं नव्हतं. त्याचं बरोबरच होतं, चूक माझ्या चित्रातली होती.

दुसऱ्या दिवशी मधल्या कप्प्याची पाठ पूर्ण काढली. ॲम्पच्या मागच्या अंगाला तळाच्या फळीत १४ इंच लांब, दोन इंच रुंद फट पाडली, म्हणजे खालून गार हवा आत येते आणि गरम हवा मागून वर निघते. स्टँड भिंतीपासून तीन इंच पुढं ओढला. कुठं पंखा लावावा लागला नाही. आधी ॲम्पच्या झाकणावर तळहात टेकवत नव्हता. मेच्या दुपारी तीन तास चालवूनही आता नुसतं कोमट लागतं.

उघड्या पाठीचा एक तोटा आठवड्याभरात दिसला. सेट-टॉप बॉक्सच्या उबेला पाल येऊन बसायला लागली. मच्छरदाणीची बारीक जाळी लावून पाहिली, ती पंधरा दिवसांत धुळीनं गच्च भरली आणि हवा पुन्हा कोंडली. शेवटी पाव इंची लोखंडी जाळी, लाकडी चौकटीत, खिळ्यांऐवजी स्क्रूनं. चार स्क्रू काढले की पूर्ण पाठ मोकळी. आज कुणी मला विचारलं तर सांगेन, मागची बाजू पहिल्यांदा काढा : कुठली पिन कुठून जाईल, ॲडॉप्टर किती जागा खातो, हात कुठून शिरेल. पुढची बाजू नंतर सुचते. विजेच्या वायरी एका अंगानं आणि स्पीकरच्या वायरी दुसऱ्या अंगानं न्या. आमच्या दोन्ही एकत्र बांधल्या होत्या तेव्हा आवाज बंद असताना बारीक घरघर यायची. वेगळ्या केल्यावर बरीच कमी झाली, आणि पूर्ण गेली ती बोर्डाचं अर्थिंग नीट करून घेतल्यावर.

दाराची गोष्ट श्रावणातली. डाव्या कप्प्याला मी हौसेनं सलग सागवानी फळीचं दार करून घेतलं होतं. उन्हाळ्यात त्याच्या कडेला वहीचा पुठ्ठा जाईल एवढी फट होती, श्रावणात ते फुगून चौकटीत अडकलं. रंध्यानं घासलं असतं तर थंडीत पुन्हा फट पडली असती. शिवाय लाकडातून रिमोट चालत नाही, म्हणून चॅनेल बदलायला दार उघडंच ठेवावं लागायचं. आईनं तोड काढली : "आजीचं लुगडं हाय की पेटीत. मऊ झालंय, त्येच ताणून लाव." फळी काढून चौकट केली आणि आत ते सुती लुगडं, काठ खाली येईल असं ताणून बसवलं. समोरून रिमोट व्यवस्थित चालतो. अगदी कोपऱ्यातून धरला तर चालत नाही, तेवढं सोसलं. महिन्यातून एकदा कापड काढून धुतो.

पॉलिशमध्ये माझी घाई नडली. घाण्यावरून जवसाचं कच्चं तेल आणलं आणि दोन हात दाबून लावले. ते वाळता वाळेना. तीन आठवडे चिकट, वर धूळ. पातळ लावून, अर्ध्या तासात उरलेलं पुसून काढायला हवं होतं. शेवटी टर्पेंटाइननं पुसलं, नीट वाळू दिलं आणि वर चपड्याचे, म्हणजे लाखेच्या पॉलिशचे, चार हात दिले. जवसाच्या तेलाच्या चिंध्या बोळा करून टाकू नका, वाळताना त्या आतून तापून पेटू शकतात. दोरीवर पसरून वाळवा. चपड्यावर गरम चहाचा कप ठेवला की पांढरं वेटोळं उमटतं. आमच्याकडं दोन उमटली, स्पिरिटच्या बोळ्यानं हलकं पुसून गेली.

खर्च : सॉ मिल आणि रंधा २,४००, मिस्त्रींची आठ दिवसांची मजुरी ८,०००, आतल्या पडद्यांना आणि तळाला प्लाय ३,५००, चॅनेल-बिजागऱ्या-जाळी २,६००, तेल-पॉलिश १,८००. एकूण १८,३००, लाकूड घरचं. लाकूड विकत घ्यायचं असेल तर हा आकडा धरू नका.

माथा बसवताना मिस्त्रींनी एक काम न सांगता केलं, त्याबद्दल त्यांचे उपकार मानतो. पुढच्या कडेला स्क्रू घट्ट आवळले आणि मागच्या बाजूला स्क्रूसाठी गोल भोकाऐवजी लांबट खाचा ठेवल्या. लाकूड लांबीत जवळजवळ हलत नाही, रुंदीत हलतं. त्याला सरकायला जागा नसेल तर ते फाटतं. मी मे महिन्यात माथ्याच्या खालच्या अंगाला, मागं, चौकटीला चिकटून पेन्सिलची बारीक रेघ मारली होती. ऑगस्टच्या शेवटी वाकून पाहिलं तर रेघ चौकटीपासून जवळजवळ एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, मागं गेलेली. तिथं दुसरी रेघ मारून तारीख लिहिली. डिसेंबरात तिसरी मारायची आहे.