हातपंप की गॅसचा केग?

तळघरातली बिअर ग्लासात आणायच्या या दोन तऱ्हा. हातपंपाशी नाव जोडलंय इंग्लंडच्या जोसेफ ब्रामाचं. हायड्रॉलिक प्रेसच्या पेटंटनंतर दोनच वर्षांनी, १७९७ मध्ये, त्याने बिअर वर चढवण्याच्या यंत्राचं पेटंट घेतलं. काउंटरवरचा लांब दांडा ओढला की नळकांड्यातला दट्ट्या सरकतो आणि साधारण अर्धा पाइंट (सुमारे २८० मिली) बिअर ग्लासात उतरते. अडचण एकच, पण मोठी: जेवढी बिअर बाहेर, तेवढी हवा पिंपात. तीनेक दिवसांत चव उतरते.

केग म्हणजे धातूचं हवाबंद पिंप; त्यात ही वाटच बंद. तोंडावर कपलर, म्हणजे गॅसची आणि बिअरची नळी जोडणारा तुकडा, बसवून दांडी दाबली की स्प्रिंगची झडप उघडते; कडेने कार्बन डायऑक्साइड आत शिरतो, मधल्या उभ्या नळीतून बिअर वर येते. हवेचा स्पर्श नाही, त्यामुळे माल कितीतरी जास्त टिकतो.

खप कमी असेल तर केगच घ्यावा. पण पिंपात जिवंत यीस्टवर मुरलेली, बारा अंश सेल्सिअसच्या आसपासची ती मऊ चव मला जास्त मोलाची वाटते. तिच्यासाठी ब्रिटनमधल्या ग्राहकांनी १९७१ साली ‘कॅमरा’ ही संघटना उभी केली, आणि ते योग्यच केलं.