आयपीवरून नाव काढायचंय, तर सीमधलं कुठलं फंक्शन घ्यावं?

शिरोली एमआयडीसीतल्या फाउंड्रीचा मेल सर्व्हर सांभाळणारा प्रोग्रामर, आणि शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट म्हणून लॉग वाचणारं टूल लिहिणारा विद्यार्थी. दोघांचाही प्रश्न एकच असतो: हा आयपी कुणाचा? उत्तर मात्र एक नाही. रिव्हर्स लूकअपची, म्हणजे आयपीवरून नाव शोधायची, चौकशी डीएनएसकडे (नावं आणि पत्ते जुळवणाऱ्या यंत्रणेकडे) उलट्या पत्त्याने जाते. २०३.०.११३.२५ चं नाव हवं असेल, तर २५.११३.०.२०३.इन-ॲडर.आर्पा या नावाचं पीटीआर रेकॉर्ड, म्हणजे पत्त्याचं नाव सांगणारी नोंद, मागायचं. आयपीव्ही६ असेल तर ३२ हेक्स आकडे एकेक सुटे करून उलटे लावायचे आणि शेवटी आयपी६.आर्पा. हे जुळवायचं काम कोण करणार, उत्तर येईपर्यंत थांबणार कोण आणि उत्तरातलं किती तुमच्या हाती लागणार, यावर निवड ठरते.

गेटहोस्टबायॲड्र हे फंक्शन आधी निकालात काढू. जुन्या पुस्तकांत हेच असतं, म्हणून विद्यार्थी हेच लिहितात. ते उत्तर स्वतःच्या स्थिर जागेत ठेवून तिचा पॉइंटर देतं. वर्गात एकच फळा असावा तसं आहे हे: दुसऱ्या थ्रेडने लिहिलं की पहिल्याचं पुसलं. पॉझिक्स या युनिक्ससारख्या सिस्टीमच्या मानकाच्या २००८ च्या आवृत्तीतून ते काढून टाकलंय. नव्या कोडमध्ये नको.

गेटनेमइन्फो हा बहुतेकांसाठी योग्य पर्याय. बफर तुमचा, आयपीव्ही४ आणि आयपीव्ही६ दोन्ही चालतात, चूक झाली तर कोड परत येतो आणि गाय_स्ट्रएरर त्याचं वाक्य करून देतं. मात्र एनआय_नेमरेक्यूडी हा फ्लॅग दिला नाही, तर नाव न सापडल्यावर ते गुपचूप आकड्यांचा पत्ताच नावाच्या जागी भरतं आणि यश कळवतं. लॉगमध्ये नाव मिळालं की नाही, हे मग कळणार कसं? हा फ्लॅग लावाच. दुसरी मर्यादा अशी की नाव एकच मिळतं, आणि रेकॉर्ड किती वेळ ग्राह्य धरायचं तो टीटीएलही दिसत नाही.

खरी अडचण थांबण्याची आहे. जीलिबसीत, म्हणजे लिनक्सवरच्या नेहमीच्या सी लायब्ररीत, डीफॉल्ट पाच सेकंद आणि दोन प्रयत्न. एकच नेमसर्व्हर (डीएनएसची उत्तरं देणारा सर्व्हर) लिहिलेला असेल आणि तो गप्प बसला, तर थ्रेड दहा सेकंद अडकला. रात्रीचा लॉग वाचणाऱ्या टूलला फरक पडत नाही. येणारं प्रत्येक कनेक्शन तपासणाऱ्या सर्व्हरला मात्र हे जड जातं.

तिथे सी-एरीज, थ्रेड न अडकवता डीएनएसला विचारणारी लायब्ररी. चौकशी पाठवायची, उत्तर आलं की कॉलबॅक येतो, म्हणजे तुम्ही दिलेलं फंक्शन चालतं. ॲरेस_गेटनेमइन्फो हे गेटनेमइन्फोसारखंच वापरता येतं. नोड.जेएसमधला रिव्हर्स लूकअप याच लायब्ररीवर चालतो. डीएनएसच्या उत्तराचा कच्चा संदेश तुमच्याकडे आधीच असेल, तर ॲरेस_पार्स_पीटीआर_रिप्लाय त्यातून होस्टएंट (नाव आणि पत्ते ठेवणारं स्ट्रक्ट) काढून देतं. ते मोकळं करायला ॲरेस_फ्री_होस्टएंट. साधं फ्री लावू नका. पण सी-एरीज सिस्टीमचा एनएसएस मार्ग (नावं कुठकुठे शोधायची ते ठरवणारी सोय) घेत नाही. होस्ट्स फाइल ते वाचतं, तरी ऑफिसमधली नावं एलडॅप (ऑफिसची डिरेक्टरी) किंवा एमडीएनएस (स्थानिक नेटवर्कवरच नावं शोधायची पद्धत) यांवरून येत असतील तर ती दिसणार नाहीत. आणि इव्हेंट लूपची जुळवाजुळव करावी लागते. शे-दोनशे ओळींच्या टूलसाठी हा पसारा कशाला?

आता संदेश स्वतः उघडायची हौस असलेल्यांसाठी: रेस_एनक्वेरी, मग एनएस_इनिटपार्स, एनएस_पार्सआरआर आणि डीएन_एक्स्पांड. एकाहून जास्त पीटीआर किंवा टीटीएल हवा असेल तर इथे यावं. सुरुवातीला १२ बाइटचा हेडर. नावं मात्र कॉम्प्रेस केलेली: बाइटचे वरचे दोन बिट १ असले की तो आधीच्या जागेकडे बोट दाखवतो. पीटीआरच्या मजकुरातही असं बोट असू शकतं, म्हणून डीएन_एक्स्पांडला रेकॉर्डचा तुकडा देऊन भागत नाही, अख्ख्या संदेशाची सुरुवात आणि शेवट द्यावा लागतो. रेस_एनक्वेरीकडून परत आलेली लांबी बफरपेक्षा मोठी असू शकते असं धरूनच पुढे जा.

अजून एक खाच. उद्यमनगरातल्या छोट्या कंपनीला लीज्ड लाइनवर आठच पत्ते मिळालेले असतात. पुरवठादार १९९८ च्या आरएफसी २३१७ (इंटरनेटच्या नियमांचा दस्तऐवज) च्या पद्धतीने त्यांचा रिव्हर्स त्या कंपनीकडे सोपवतो, तेव्हा उत्तरात आधी सीनेम (दुसऱ्या नावाकडे वळवणारं रेकॉर्ड) येतं आणि मग पीटीआर. ‘पहिलं रेकॉर्ड म्हणजे पीटीआर’ असं गृहीत धरलेलं कोड इथे हमखास आपटतं. रेकॉर्डचा प्रकार १२, म्हणजे पीटीआर, आहे का ते पाहायचं आणि सीनेम ओलांडून पुढे जायचं. डीजेबीडीएनएस या डीएनएस सॉफ्टवेअरमधलं डीएनएस_नेम_पॅकेट नेमकं एवढंच करतं. पहिला पीटीआर सापडला की उचलतं. वाचायला छान कोड आहे, २००७ पासून सार्वजनिक मालकीचंही. पण त्याचे स्वतःचे स्ट्रिंग प्रकार सोबत ओढून आणावे लागतात.

फंक्शन कुठलंही घ्या, नावावर विसंबून परवानगी देऊ नका. पीटीआर लिहिणारा पत्त्यांचा मालक असतो. तो तुमच्या बँकेचं नाव लिहू शकतो, किंवा आयपीसारखी दिसणारी अक्षरंही. आलेलं नाव आधी एआय_न्यूमेरिकहोस्ट हा फ्लॅग लावून गेटॲड्रइन्फोला, म्हणजे नावावरून पत्ता काढणाऱ्या फंक्शनला, द्या. ते पत्ता म्हणून वाचलं गेलं, तर फेकून द्या. नाहीतर नेहमीसारखं शोधून मूळ आयपी मिळालेल्या पत्त्यांच्या यादीत आहे का ते बघा. लॉगमध्ये आयपी आधी आणि नाव नंतर लिहा, नाव रिकामं राहिलं तरी ओळ वाचता येते.